अन्नपूर्णाबाईंचा मुका फोन

१

अन्नपूर्णाबाई गतप्राण होऊन पडल्या होत्या आणि त्यांच्या हातातील फोन मात्र एकसारखा वाजत होता.

वैशाखातील ती कोरडी, तापलेली सांज होती. जानेफळच्या त्या गल्लीतील शेजारीण सिंधूताई नेहमीप्रमाणे दुधाचा गंज घेऊन आल्या, दार ढकलून अंगणात शिरल्या आणि धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, जाणाऱ्या दगडी जिन्याच्या पायथ्याशी त्यांना आधी पांढरे केस दिसले, मग रक्त दिसले. दूध मातीत सांडले. फोनच्या काचेवर 'पुष्पा' असे नाव उमटत होते, विझत होते आणि पुन्हा उमटत होते.

अर्ध्या घटकेत सारी गल्ली अंगणात लोटली. उपनिरीक्षक स्नेहलता पाठक येऊन पोहोचल्या, तेव्हा मृत्यूचे कारण लोकांनी परस्पर ठरवूनही टाकले होते. गोकुळ नावाच्या इसमाची कॉलर दोघातिघांच्या मुठीत होती. गावातील घरोघरी इंटरनेटची तार ओढून देण्याचा त्याचा व्यवसाय.

"तुह्या नेटनं खाल्ली मामीले!" गर्दीच्या पुढे उभा असलेला चाळिशीचा गृहस्थ ओरडत होता. त्याचे डोळे लाल झाले होते. "पोरीचा फोन आला का आवाज गायब. रेंज पाहाले वर चढली असन म्हातारी, अन् पाय घसरला!"

"अहो, वायफायले धाब्यावर काऊन चढा लागते?" गोकुळ कळवळून म्हणाला. "डब्बा तं घरात हाय!"

"चूप बे! तिले काय मालूम तुहा वायफाय?"

स्नेहलताबाईंनी गर्दी मागे हटविली आणि गोकुळला सोडविले. मग त्या प्रेताजवळ बसल्या. त्यांनी वृद्धेच्या बोटांमधून फोन अलगद काढला, हातरुमालात धरला आणि जिन्याकडे पाहिले. जिना पुरुषभर उंचीहून अधिक होता. खाली फरशी होती.

फोनच्या काचेवर एक ओरखडाही नव्हता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी जे सांगितले, त्याने उरलीसुरली शंका फिटली.

"पडून झालेला मृत्यू नाही हा," ते म्हणाले. "पडणारा माणूस हात पुढे करतो. तळवे सोलतात, कोपरे फुटतात. इथे तसे काहीच नाही. एकच घाव, आणि तो टाळूवर. कपाळावर नाही, मागेही नाही. वरून खाली आलेला."

"मारणारा उंच असेल?"

"फार उंच असावा लागेल. नाहीतर बाई फार खाली असाव्या लागतील."

हे वाक्य स्नेहलताबाईंच्या मनात काट्यासारखे रुतून बसले. बाई खाली बसल्या असतील काय? पण त्यांचे गुडघे गेलेले होते. सिंधूताईंनी शपथेवर सांगितले होते की, शेषरावभाऊ, म्हणजे बाईंचे यजमान, गेल्यापासून त्या जमिनीवर बसत नसत आणि जिना तर त्यांनी पाहिलाही नव्हता. म्हणजे त्यांना कोणीतरी जिन्यापाशी नेऊन ठेवले होते. आवाज न येणारा फोन हातात देऊन ठेवले होते, जेणेकरून दोष नेटला जावा.

त्यांनी प्रथम गोकुळला बोलावले. त्याच्या गालावर कालच्या मारहाणीचा वळ होता.

"म्हातारी मले शिव्या द्याची, हे खरं हाय मॅडम," तो म्हणाला. "तार काढून फेकून देतो म्हणे. पण मी तरी काय करू? डब्बा बदलला, तार बदलली, दुसऱ्या फोनवर लावून पाह्यलं. मी दुपारचा आलो का आवाज खणखणीत! संध्याकाळी पोरीचा व्हिडिओ कॉल आला का फोन मुका. मंग मी पुष्पाताईले म्हणलं, आता आवाज गेला का दुसऱ्या फोननं त्याचं शूटिंग करा, मी कंपनीले दाखवतो."

"केले त्यांनी?"

"हाव. पण पाठवाच्या आधीच हे झालं."

त्यानंतर जानराव आले. ते शेषरावांचे धाकटे भाऊ. दोन्ही घरांच्या शेतांमध्ये एकच धुरा, म्हणजे बांध, आणि त्या धुऱ्यावरून वर्षानुवर्षे चाललेले भांडण. त्यांच्या हातात अडकित्ता होता आणि तो क्षणभरही स्वस्थ बसत नव्हता. कट्, कट्, कट्.

"माह्यावर संशय घ्या, घ्या," ते सुपारी तोंडात टाकीत म्हणाले. "भावजयीशी मी कित्येक दिवस बोललो नाही. पण धुऱ्यासाठी कोणी भावजय मारते काय? मारली असती तं भाऊ जित्ता असतानाच मारली असती, तेव्हा रागही जास्त होता."

"बाईंची मुलगी पुष्पांजली इकडे केव्हा येते-जाते, तुम्हांस ठाऊक असते?"

"मले काय मालूम? मले कोण सांगते इथं?" कट्.

स्नेहलताबाईंना अडकित्त्याचा तो आवाज तेव्हा केवळ त्रासदायक वाटला. पुढे तोच आवाज त्यांची वाट चुकविणार होता.

३

सिंधूताईंना प्रश्न विचारण्याची गरज नसे. त्यांना केवळ थांबवावे लागे.

"सोन्यासारखी बाई होती हो. नवरा गेला तरी रीत सोडली नाही तिनं. तेरवीले भाऊचं सारं वापरातलं भाच्याले दान देलं. छत्री, काठी, जोडे, ते भजनं आयकाचं गळ्यातलं, चष्म्याचं घर, सारं. फोन तेवढा ठुला, म्हणे पोरीचं तोंड यातच दिसते. अन् भाचा म्हणजे हरिओम. भिंतीले भिंत लागून घर त्याचं. एक भाचा शंभर बामनाच्या जागी असते, हाय का नाही? तो उंबऱ्याच्या आत आला का बाई आधी त्याच्या पाया लागे, मंगच पाणी देई. गुडघे कटकट वाजत, पण वाकेच. मी म्हणो, बाई, खाटेवरून हात जोडा! तं म्हणे, देवाले खाटेवरून हात जोडते काय कोणी?"

हा हरिओम म्हणजे काल गर्दीच्या अग्रभागी रडून ओरडणारा गृहस्थ. स्नेहलताबाई त्याच्या घरी गेल्या तेव्हा तो सामाईक भिंतीला पाठ लावून बसला होता. समोर भुईमुगाच्या शेंगांचा ढीग होता. पेरणीसाठी बियाणे काढणे चालले होते. बोलता बोलता त्याची बोटे आपोआप शेंग फोडीत आणि दाणे पत्र्याच्या डब्यात टाकीत होती.

"घरात सुतक हाय, पण पेरनी थोडीच थांबते मॅडम," तो खिन्नपणे म्हणाला. "मामाचं रस्त्याच्या कडंचं वावर मीच वाहतो, बटईनं. मामा म्हणे, हरिओम, हे वावर तुह्याच हातून पिकते. मामी तं मले देव माने. मीच लाजो. म्हणो, मामी, रोज काय पाया लागता, पाप चढवता माह्यावर!"

"काल सायंकाळी तुम्ही कोठे होता?"

"इथंच. शेंगा फोडत होतो. मले काहीच आयकू आलं नाही." त्याने उपरण्याने डोळे पुसले. "नशीब पाहा. शनिवारी पुष्पा येनारच होती गाडी घेऊन, तिले कायमची न्याले. दोन दिवस निभले असते तं म्हातारी पोरीच्या घरी सुखानं मेली असती."

स्नेहलताबाईंनी मान हलविली आणि त्या उठल्या. ते वाक्य त्यांनी ऐकले, पण त्या क्षणी त्यांना त्याचे मोल कळले नाही.

४

दुपारी पुण्याहून पुष्पांजली येऊन पोहोचली. तिने आईचे मुख पाहिले, पण रडली नाही. ती स्नेहलताबाईंसमोर बसली आणि तिने विचारले तो प्रश्न तपासाचा नव्हता.

"मॅडम, आई मले हाक मारत होती का? मी फोन ठेवून देला. नेटचा प्रॉब्लेम हाय म्हणून ठेवून देला. मले फक्त एवढं सांगा, ती मदत मागत होती का?"

"ते चित्रण दाखवा," स्नेहलताबाई हळुवारपणे म्हणाल्या.

चित्रणात एक फोन दुसऱ्या फोनने टिपला होता. अन्नपूर्णाबाई खाटेवर बसलेल्या. चेहरा इतका स्वच्छ की कपाळावरचे गोंदण मोजता यावे. त्या बोलत होत्या, ओठ हलत होते, परंतु शब्द नव्हता. मग त्यांनी कानाकडे बोट दाखवून हात हलविला: ऐकू येत नाही. पुष्पांजलीचा आवाज मात्र चित्रणात स्पष्ट होता: "आई, आयकू येते का? मी शनिवारी येते गाडी घेऊन. तुले कायमची इकडं आणते. वावराचंही पाहून टाकू, बटई बंद करू. आई?"

वृद्धा पुन्हा कानाकडे बोट नेत होती. शेवटी ती हसली. तिने दोन्ही हात पडद्याकडे नेले, लेकीच्या चेहऱ्यावरून ओवाळावे तसे फिरविले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटे मोडली. दृष्ट काढली.

कट्.

"हा आवाज आला बरं का," पुष्पांजली एकदम म्हणाली. "सारे शब्द गेले, पण बोटं मोडल्याचा आवाज तेवढा आला मले. आईचा तेवढाच आला."

स्नेहलताबाईंनी चित्रण पुन्हा मागे नेले. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाशी त्या रोज अशाच बोलत असत आणि नेट दुबळे झाले की काय होते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आधी मुलाचा चेहरा थिजे, नाक-डोळे चौकटी-चौकटींचे होत, आणि त्या चौकटींमागून त्याचा आवाज 'आई, दिसतेस का' म्हणून येतच राही. येथे सारे उलटे होते. जड चित्र निर्मळ वाहत होते आणि हलका आवाज तेवढा बुडाला होता. हे नेटचे काम नव्हे.

त्यांनी फोन कानाशी धरला. शांतता कोरी नव्हती. बोटे मोडण्याच्या आधीही तो आवाज होता आणि नंतरही होता. कट्. कट्.

अडकित्ता! त्यांच्या डोळ्यांपुढे जानरावांचा हात उभा राहिला. त्या तत्काळ उठल्याही. परंतु उंबऱ्यापाशी त्यांचे पाऊल अडखळले. प्रत्येक 'कट्'च्या पाठोपाठ आणखी एक बारीक आवाज येत होता. टण्. सुपारी तोंडात जाते, पत्र्यावर पडत नाही.

त्या मागे वळल्या. "ताई, शनिवारी येणार, हे तुम्ही कोणाकोणाला सांगितले होते?"

"कोणालेच नाही. नवऱ्यालेही नाही. आईचा चेहरा पाहून बोलता बोलताच मनात आलं. आईलेही पोचलं नाही ते, दिसतेच ना तुम्हाले."

स्नेहलताबाईंना त्याच सकाळी ऐकलेले एक वाक्य आठवले.

५

त्याच दिवशी अन्नपूर्णाबाईंचे दहन झाले. मंडळी अंगणात परतल्यावर स्नेहलताबाईंनी सर्वांदेखत मृतेचा फोन पुष्पांजलीच्या हाती दिला.

"हा जवळ ठेवा. मी बुलढाण्याला डॉक्टरांच्या अहवालासाठी जाते आहे. त्यांचे काय म्हणणे पडते आणि संशय कोणावर जातो, ते उद्या सायंकाळी याच फोनवर व्हिडिओ कॉल करून सांगेन. वावराच्या कागदांचेही तेव्हाच बोलू."

जानरावांनी सुपारी चघळणे थांबविले. गोकुळने मान खाली घातली. हरिओमने उपरण्याने तोंड पुसले.

स्नेहलताबाई बुलढाण्याला गेल्या नाहीत. दुसऱ्या सायंकाळी त्या गल्लीपलीकडे सिंधूताईंच्या माजघरात बसल्या होत्या आणि त्यांचा हवालदार हरिओमच्या मागील दारी उभा होता. त्यांनी कॉल लावला.

पडद्यावर पुष्पांजली उमटली. "बोला मॅडम," ती म्हणाली. आवाज खणखणीत होता.

"डॉक्टर भेटले," स्नेहलताबाई म्हणाल्या. "त्यांचे म्हणणे असे की..."

एक बारीक खरखर झाली. पुष्पांजलीचे ओठ हलत राहिले आणि शब्द नाहीसे झाले. तिने कानाकडे बोट नेले. तिच्या आईने नेले होते, अगदी तसेच. ते पाहताना सिंधूताईंनी पदर तोंडात कोंबला.

चित्र निर्मळ होते. स्नेहलताबाईंनी श्वास रोखला.

कट्. टण्.

कट्. टण्.

त्या सावकाश, एखाद्याच्या कानाशी लागून बोलावे तशा हळू आवाजात म्हणाल्या, "हरिओम, शेंगा खाली ठेवा. तुमच्या मामीचा फोन तुमच्या कानात वाजतो आहे आणि तुमचा डबा माझ्या कानात."

मग फोनमधून एक दीर्घ, थरथरता श्वास ऐकू आला आणि त्यामागून पत्र्याचा डबा उलटून दाणे फरशीवर विखुरल्याचा आवाज.

मागील दाराची कडी निघाली, तेव्हा दारात हवालदार उभा होता.

६

अंगणात, त्याच जिन्यापाशी, हरिओमला उभे करण्यात आले. त्याच्या उपरण्याखालून हवालदाराने काळ्या रबराचा एक पट्टा काढला. त्याच्या दोन्ही टोकांना कानात घालावयाच्या गोळ्या लोंबत होत्या.

"हेच ते भजनं ऐकण्याचे गळ्यातले," स्नेहलताबाई म्हणाल्या. "शेषराव हे याच फोनला तारेवाचून, ब्लूटूथने जोडून वापरीत. तेरवीला छत्री-जोड्यांबरोबर हेही भाच्याला दान गेले आणि फोन घरात राहिला. दान देणाऱ्या हातांना हे ठाऊक नव्हते की, वस्तू घर सोडून गेली तरी फोन तिला विसरत नाही. भिंतीपलीकडे हिची कळ दाबली की फोन आपला आवाज हिच्या स्वाधीन करी. पुष्पांजलीचे बोलणे आईऐवजी याच्या कानी पडे आणि आईच्या शब्दांऐवजी याच्या शेंगा फुटल्याचा आवाज पुण्याला जाई. दुपारी हा शेतात असे, म्हणून गोकुळला कधीच बिघाड सापडला नाही."

"शप्पथ!" गोकुळ पुटपुटला. "अन् मी तीनदा डब्बा बदलला."

"हे खोटं हाय," हरिओम म्हणाला. त्याच्या आवाजात बळ नव्हते. "भजनं आयकत होतो मी."

"मग शनिवार कोठून ऐकलात? पुष्पांजलीने शनिवार हा शब्द एकदाच उच्चारला, आणि तो तिच्या आईपर्यंतही पोहोचला नाही. या जगात तो एकाच कानात पडला. त्याच शब्दांत बटई बंद होणार, हेही होते."

जानरावांचा अडकित्ता थांबला होता.

"आणि घाव," स्नेहलताबाईंचा स्वर आता खाली आला. "तो टाळूवर का, हे मला उमजत नव्हते. बाईंच्या गुडघ्यांत बसण्याचे त्राण नव्हते. त्या वाकत होत्या त्या दोनच जागी: देवापुढे, आणि भाच्यापुढे. हरिओम, तुम्ही उंबऱ्याच्या आत आलात आणि त्या नेहमीप्रमाणे तुमच्या पाया पडायला वाकल्या. होय ना?"

सिंधूताईंनी हंबरडा फोडला. हरिओम जिन्याच्या पायरीवर मटकन बसला.

"बोलाले गेलतो," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "फक्त बोलाले. इतकी वर्सं वाहिलं मी ते वावर, गोटे वेचले, विहीर खनली. मले एका शब्दानं कोणी विचारलं नाही. म्हणलं, मामीले विचारतो. पन ती वाकली... अन् माह्या हाताशी खलातला बत्ता होता उंबऱ्यावरचा. तिचं तोंड दिसलं असतं तं नसता उठला माहा हात. देवाशप्पथ सांगतो. तोंड दिसलं असतं तं..."

"तुह्या तोंडात देवाचं नाव शोभत नाही बे," जानराव म्हणाले, आणि त्यांनी थुंकण्यासाठी तोंड फिरविले. पण ते थुंकले नाहीत. ते भावजयीच्या खाटेकडे पाहत उभे राहिले.

हरिओमला नेल्यावर अंगण रिकामे झाले. पुष्पांजली खाटेवर, आईच्या जागी बसली होती. तिच्या हातात ते चित्रण होते.

"म्हणजे तिनं मदत मागितली नाही," ती म्हणाली.

"नाही. तुम्ही फोन ठेवलात तेव्हा घरात दुसरे कोणीच नव्हते. तो नंतर आला. त्या तुमच्याशीच बोलत होत्या."

पुष्पांजलीने चित्रणातील आईकडे पाहिले. मग तिने विचारले, "अन् ते बोटं मोडल्याचं? मले आयकू आलेलं?"

स्नेहलताबाईंना वाटले, खोटे बोलावे. एवढे एक खोटे कोणत्याही देवाने माफ केले असते. पण हेच चित्रण न्यायालयात लागणार होते, भर सभेत, मोठ्या आवाजात. तेथे परक्या माणसांच्या तोंडून कळण्यापेक्षा येथे कळलेले बरे.

"तो आवाज शेंगेचा होता," त्या म्हणाल्या. "आवाज त्याचा होता, ताई. हात तुमच्या आईचे होते."

पुष्पांजलीने मान हलविली. तिने फोनच्या कडेची कळ दाबली आणि आवाज कमी करीत करीत पार शून्यावर नेला. मग चित्रण पुन्हा सुरू केले.

खाटेवरची वृद्धा हसली. तिने हात पुढे केले, लेकीच्या मुखावरून ओवाळले आणि कानशिलांवर बोटे मोडली. कोठेही काही वाजले नाही. पुष्पांजलीने ते पाहिले, आणि पुन्हा पहिल्यापासून लावले.